१९७८ सालचं घर म्युझियममध्ये उभं करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

औंधचं भवानी संग्रहालय आपल्या भागातल्या बऱ्याच जणांनी शाळेच्या सहलीत बघितलंय, आणि कणेरी मठावरचं ग्रामजीवनाचं म्युझियम बघितलं नाही असा माणूस सांगली-साताऱ्यात सापडणं अवघडच. पहिल्यात पंतप्रतिनिधींनी जमवलेली चित्रं, शिल्पं. दुसऱ्यात कुंभार, लोहार, सुतार, बैलगाडी, सगळं पुतळ्यांतून मांडलेलं. पण म्युझियमचा अजून एक प्रकार असतो, जो आपल्याकडे फारसा रुजला नाही. त्यात राजा नसतो, आणि 'पूर्वीचं गाव' असं मोघमही काही नसतं. त्यात असतं एक साधं घर, भाड्याचं असलं तरी चालतं, आणि ते घर एका ठराविक सालात थांबवलेलं असतं, म्हणजे आत्ताच घरातली बाई शेजारी विरजण मागायला गेलीय आणि आपण उंबऱ्यात उभे आहोत असं वाटलं पाहिजे.

ऐकायला सोपं वाटतं. जुनी भांडी गोळा करा, एक मर्फीचा रेडिओ, एक कंदील, भिंतीवर बाळकृष्णाची तसबीर, झालं म्युझियम. हॉटेलवाले हेच करतात. पण खरं काम वेगळं आणि बरंच किचकट आहे, ते सांगायचा प्रयत्न करतो.

आधी ही कल्पना आली कुठून ते थोडक्यात. स्वीडनमध्ये आर्टर हाझेलियस नावाच्या माणसाने १८९१ मध्ये स्टॉकहोमला स्कॅनसेन उघडलं, गावोगावची खरीखुरी घरं सोडवून आणून एका टेकडीवर परत जोडली. कारखानदारी वाढत होती, जुनं राहणीमान डोळ्यांदेखत जात होतं, ते जायच्या आत पकडायचं म्हणून. आपल्याकडे पुण्यात दिनकर केळकरांनी १९२० च्या आसपास अडकित्ते, दिवे, दौती, वेण्याफण्या असल्या रोजच्या वस्तू जमवायला सुरुवात केली, तेव्हा लोकांना त्यांचा हा नाद विचित्रच वाटला असणार. आज राजा केळकर संग्रहालय म्हणजे त्या प्रकारातलं आपलं सगळ्यात मोठं नाव. पण तिथे वस्तू कपाटात आहेत, अडकित्त्यांशेजारी अडकित्ते, दिव्यांशेजारी दिवे. घर मांडायचं म्हणजे अडकित्ता पानाच्या डब्यात, डबा कोनाड्यात आणि कोनाड्याची कड हाताच्या तेलाने काळी झालेली.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण वेल्समधलं आहे. सेंट फॅगन्स म्युझियममध्ये खाणकामगारांची सहा घरांची एक चाळ आणून उभी केलीय. सहाही घरं सारखी, पण पहिलं घर १८०५ सालचं सजवलंय, मग १८५५, १८९५, १९२५, १९५५ आणि शेवटचं १९८५ सालचं. भिंती त्याच, साल बदलत जातं. तुम्ही एका दारातून बाहेर पडून शेजारच्या दारात गेलात की एकदम तीस ते पन्नास वर्षं पुढे. डेन्मार्कच्या ऑरहुसमध्ये तर १९७४ सालची अख्खी वस्ती आहे, दुकानं, फ्लॅट सगळं धरून. लंडनच्या म्युझियम ऑफ द होममध्ये १९७६ सालची एक बैठकीची खोली आहे, कॅरिबियन बेटांवरून तिथे जाऊन राहिलेल्या कुटुंबाची. म्हणजे 'जुनं' म्हणायला दोनशे वर्षं लागत नाहीत. आपल्या आईच्या लग्नाचं साल पण चालतं.

आता समजा हे आपल्याला सांगलीत करायचंय. गावभागातला एखादा जुना वाडा, त्यातलं दोन खोल्यांचं बिऱ्हाड, नवरा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी, बायको, तीन पोरं, सासूबाई. साल १९७८.

१९७८ च का? कारण सांगलीत घराघरात टीव्ही आला तो ८० च्या दशकात, त्यामुळे या घरात रेडिओच मोठा. गॅससाठी नंबर लावलाय पण आलेला नाही, म्हणजे रॉकेलचा स्टो, कोळशाची शेगडी आणि अंघोळीच्या पाण्याला तांब्याचा बंब. स्टील आलंय पण पितळ अजून गेलेलं नाही. म्हणजे दोन जमाने एकाच मांडणीवर. १९७२ पण घेता आलं असतं, पण ते दुष्काळाचं साल, रेशनवरची मिलो ज्वारी आणि रोजगार हमीवरची सुकडी, ते 'रोजचं' आयुष्य नव्हतं.

आणि इथेच पहिली अडचण येते बघा. लोकांना १९७२ आठवतं, १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवतो, पण १९७८ कुणालाच आठवत नाही, कारण त्या वर्षी घरात काही झालंच नाही! माणसाची आठवण संकटाला आणि लग्नाला चिकटते, मधली साधी वर्षं एकमेकांत मिसळून जातात. म्हणून मुलाखत घेताना '१९७८ ला तुमच्याकडे काय काय होतं' असं विचारून काही हाती लागत नाही. खुणा शोधाव्या लागतात. तुमची मॅट्रिक अकरावीची का दहावीची? कारण महाराष्ट्रात दहावीची पहिली परीक्षा १९७५ ला झाली, तेवढ्या एका उत्तरावरून माणूस कुठल्या वर्षी कितवीत होता ते कळतं, आणि मग 'तू आठवीत असताना अभ्यास कुठल्या दिव्याखाली करायचास' असं विचारता येतं. भावंडांना वेगवेगळं बसवून घराचा नकाशा काढायला सांगतात. थोरला भाऊ बैठकीची खोली मोठी काढतो, बहीण मोरी आणि चूल बरोब्बर काढते. दोन्ही कागद शेजारी ठेवले की त्या घरात कोण कुठे वावरत होतं ते आपोआप दिसतं.

आता मुख्य गोष्ट, जी मला वाटतं बहुतेकांना उलटी वाटते. १९७८ चं घर हे १९७८ च्या वस्तूंनी बनत नाही.

विचार करा, तुमच्या आत्ताच्या घरात यंदा घेतलेल्या वस्तू किती? बाकी सगळं दहा, वीस, तीस वर्षांपूर्वीचं. तसंच त्या बिऱ्हाडात सासूबाईंच्या लग्नातला हंडा १९३५-४० चा असणार, लोखंडी ट्रंक साठीतली, पाटा-वरवंटा तर कुणाच्या काळचा कुणास ठाऊक. खरंच नवं म्हणावं असं चार-पाचच गोष्टी, एखादी प्लॅस्टिकची बादली, स्टीलचे दोन डबे, नायलॉनची एक साडी. जर म्युझियमवाल्याने सगळी खोली सत्तरच्या दशकातल्या चकचकीत वस्तूंनी भरली तर ते घर होत नाही, त्या काळच्या मासिकातली जाहिरात होते.

म्हणून नियम एकच पण कडक. जुनी वस्तू नंतरच्या सालात चालते, नंतरची वस्तू आधीच्या सालात अजिबात चालत नाही. खोलीतली सगळ्यात नवी वस्तू खोलीचं साल ठरवते. कालनिर्णय १९७३ पासून निघालं, म्हणजे १९७८ च्या भिंतीवर ते चालेल, १९७१ च्या भिंतीवर टांगलं तर चूक. फळीवरच्या पत्रावर ४१६४१६ असा पिनकोड असेल तर ते पत्र १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचं, कारण पिनकोडच त्या दिवशी सुरू झाला. बिस्किटाच्या पुड्यावर शाकाहारीचा हिरवा ठिपका? तो २००१ नंतरचा. रुपयाचं ते दोन आडव्या रेघांचं चिन्ह २०१० चं. सिरियलवाले इथेच पकडले जातात, मागे जुनं घर आणि फळीवरच्या मसाल्याच्या पुड्यावर हिरवा ठिपका. धान्य मोजायला मात्र अधोली-पायली ठेवायला हरकत नाही, किलो-लिटर कायद्याने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आले तरी घरात मापं जुनीच चालू होती.

भांड्यांवरची नावं हा तर आपल्याकडचा खजिना आहे. आहेराच्या भांड्यावर मशीनने टिंबाटिंबाचं नाव घालून घ्यायची पद्धत, 'चि. सौ. का. अमुक हिच्या लग्नात मामांकडून', खाली तारीख. दुसरीकडे कुठे घरातल्या तांब्यावर असा लेखी पुरावा मिळत असेल असं मला नाही वाटत. मांडणीवरच्या वीस भांड्यांच्या तारखा नुसत्या वाचल्या तरी कळतं की या घरात पितळ कुठल्या लग्नापर्यंत येत राहिलं आणि स्टील कुठल्या लग्नापासून सुरू झालं. त्याला जोड आहेराच्या वहीची, कुणी काय दिलं ते ओळीने लिहिलेलं. आणि तिसरा पुरावा म्हणजे किराण्याची वही. वाण्याकडची उधारी, महिन्याला गोडेतेल किती, चहा किती, साबण कुठला, काडेपेट्या किती. घरातल्या माणसांना पन्नास वर्षांनी जे सांगता येत नाही ते ही वही सांगते. फडताळात डब्यांखाली अंथरलेला पेपर मिळाला तर दुधात साखर. समजा त्यावर शरद पवार मुख्यमंत्री झाल्याची बातमी असेल तर तो जुलै १९७८ चा, आपल्याच सांगलीच्या वसंतदादांचं सरकार पडलं तेव्हाचा, आणि दिवाळीच्या आवराआवरीत तो तिथे अंथरला गेला असा अंदाज बांधता येतो.

फोटो? फोटोंचा उपयोग वाटतो त्याहून कमी. त्या काळात फोटो निघायचा लग्नात किंवा स्टुडिओत, मागे रंगवलेला पडदा आणि शेजारी फुलदाणी. स्वयंपाकघराचा फोटो १९७८ ला कोण काढणार? रीळ महाग, आणि स्वयंपाकघर काय फोटो काढायची जागा होती का. म्हणजे घरातल्या बाया दिवसाचे बारा-चौदा तास जिथे राबत होत्या त्या खोलीचा पुरावा सगळ्यात कमी.

हीच गत वस्तूंची. जे जास्त वापरलं ते वापरून संपलं. पितळी समई वर्षातून चार वेळा लागायची म्हणून आज शंभर घरांत सापडते. पण केरसुणी? १९७८ ची केरसुणी दाखवा मला. चुलीवरची काळी पडलेली तवा धरायची फडकी, राखुंडी, मिसरीची डबी, रॉकेल ओतायचं नरसाळं, स्टोची पिन, भांडी घासायचा काथ्या, बाजूला फुटका टवका उडालेला कप, यातलं काही शिल्लक नाही. सुती कपडे तर फाटले की वाकळीत गेले. म्हणून जुनी वाकळ हाताला लागली तर म्युझियमवाले ती धुवायच्या आधी नीट बघतात, कारण आतल्या थरात आधीच्या वीस वर्षांची लुगडी असतात. टेरिकॉटचा शर्ट मात्र अजून ठणठणीत, त्यामुळे नुसत्या उरलेल्या कपड्यांवरून ठरवलं तर वाटेल सांगलीत सगळे टेरिकॉटच घालत होते!

वर आपल्याकडे पूर. २००५, २०१९, २०२१. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागात, नदीकडच्या पेठांत ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांच्या वह्या, फोटो, पत्रिका, ट्रंकेतले कपडे चिखलात गेले, हरिपूरची हळद साठवायची जमिनीतली पेवं २००५ च्या पुरात गेली ते वेगळंच. म्हणजे सांगलीचं घर मांडायला निघालो तर नदीकाठच्या घरांचा पुरावा कमी आणि उंचावरच्या, बहुतेक सुस्थितीतल्या घरांचा जास्त, हा तिरपेपणा ध्यानात ठेवूनच मांडावं लागतं. (भिजलेले फोटो, कागद उन्हात टाकू नका हे जाता जाता सांगतो, चिकटतात आणि वळतात. लगेच बघायला कुणी मिळत नसेल तर कागद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवले की सडणं थांबतं आणि वेळ मिळतो.)

मग जे सापडत नाही त्याचं काय? ते नवीन करून ठेवतात, आणि ही नक्कल आहे असं नोंदीत आणि पाटीवर स्पष्ट लिहितात. केरसुणी नवीच लागणार. भाकरी खरी ठेवली तर दोन दिवसांत मुंग्या-झुरळं, म्हणून ती प्लास्टरची. डब्यात खरी ज्वारी ठेवली की किडे, आणि किडे ज्वारीवर थांबत नाहीत, लाकूड-कापडापर्यंत पोचतात. खरी अडचण सारवलेल्या जमिनीची आहे. वाड्यात पुढच्या खोलीत शहाबादी फरशी असली तरी आत शेणानं सारवलेली जमीन असू शकते, ती दर आठवड्याला सारवावी लागते, रोज शंभर माणसं चालली तर दोन दिवसाला, आणि सारवायला येणारी बाई म्युझियमच्या पगारपत्रकावर घ्यावी लागते. मला तर वाटतं तिला तिथेच लोकांसमोर काम करू द्यावं आणि तिला क्युरेटरइतका मान द्यावा.

वस्तू टिकवणं हे अजून एक शास्त्र. आपल्याला वाटतं पितळ म्हणजे चिंच लावून लखलखीत केलं पाहिजे. म्युझियममध्ये उलट. चिंच म्हणजे आम्ल, घासणं म्हणजे प्रत्येक वेळी धातूचा पातळ थर जाणं, आणि सगळ्यात आधी काय जातं तर ते टिंबाटिंबाचं नाव. म्हणून थोडा काळपटपणा तसाच राहू देतात. आतून कल्हई असेल तर ती अजिबात खरवडत नाहीत. रेडिओत पहिलं काम सेल काढायचे, जुने सेल फुटून आतला क्षार बाहेर येतो आणि पत्रे खातो (त्या सेलमध्ये नवसागर असायचा, म्हणजे कल्हईवाला भांड्यात टाकून धूर काढायचा तोच, एकाच घरात दोन कामाला). आणि सगळ्यात अवघड काय माहितीय? प्लॅस्टिक. पाटा हजार वर्षं टिकेल, पण सत्तरच्या दशकातला मऊ प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ आतलं तेल बाहेर सोडून चिकट होतो, फोमची उशी भुगा होते, आणि हे थांबवता येत नाही, फक्त लांबवता येतं. कापड आणि कागदावर उजेड सुद्धा ५० लक्सच्या आतच ठेवतात, म्हणजे साधारण मंद दिव्याएवढा. एका अर्थी बरंच आहे ते, कारण त्या घरात दोन खोल्यांत मिळून चाळीसचा एक पिवळा बल्ब असायचा, अंधार हा पण त्या घराचा भागच होता. बल्ब आता पिवळ्या उजेडाचा एलईडी लावायचा, लाकडी पट्टीवरची जुनी वायर नुसती दिसायला ठेवायची, करंट दुसऱ्या वायरीतून.

वासाचं पण तसंच. इंग्लंडमध्ये यॉर्कला योर्विक म्हणून म्युझियम आहे, १९८४ ला उघडलं, तिथे हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचे वास मुद्दाम सोडतात आणि लोक त्या वासासाठीच ते लक्षात ठेवतात. सांगलीच्या आपल्या घरात रॉकेल, धूप, ओलं पोतं आणि दिवाणजींच्या सदऱ्याला येणारा हळदीचा वास हवा. पण स्टो खरा पेटवता येत नाही, काजळी सगळ्यावर बसते आणि आगीची भीती वेगळीच. वास बाटलीतून, आवाज स्पीकरमधून. रेडिओचा काटा मात्र आकाशवाणी सांगलीवर ठेवायचा, १२५१ किलोहर्ट्झ, म्हणजे जुन्या मीटरच्या हिशोबाने २४० च्या जवळ, तो जर भलतीकडेच असेल तर जाणकार म्हातारा बरोबर पकडणार.

आता थोडा नाजूक भाग. कुणाचं घर? दिवाणजीचं घर हे हमालाचं घर नाही. त्याच साली वखार भागात बोजे उचलणाऱ्याची खोली वेगळी, जतच्या मेंढपाळाचा तळ वेगळा, ऊसतोडीवाल्यांची पाचटाची कोपी वेगळी, पाटण-जावळीकडचं घर तर अजून वेगळं, तिथे कर्ता माणूस मुंबईत गिरणीत किंवा माथाडीत आणि घर मनीऑर्डरवर चाललेलं. एकच घर मांडून 'त्या काळचं सांगलीतलं घर' अशी पाटी लावली तर बाकीचे सगळे पुसले गेले. म्हणून पाटीवर कुणाचं, कुठलं, किती भाड्याचं हे आलंच पाहिजे. आणि वाड्याच्या मागच्या बाजूचं काय? त्या काळी बऱ्याच गावांत टोपलीचे संडास होते, ते साफ करायला माणूस यायचा, मागच्या बोळातून, त्याच्या हाताला चहाचा कप वेगळा ठेवलेला. मैला वाहून नेण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा झाला १९९३ ला. म्युझियममध्ये चूल दाखवायची, तुळस दाखवायची आणि तो बोळ, तो वेगळा कप गाळायचा, असं केलं तर मग ते घर खोटंच. माझ्या मते तो कप मांडणीपासून लांब, मागच्या खिडकीत ठेवावा, शेजारी दोन ओळी साध्या भाषेत, बस.

हेच पाण्याचं. हंडा-कळशी चकचकीत दिसते, पण नळाला पाणी पहाटे यायचं का रात्री, किती खेपा, कोण उठायचं, हे हंड्यावरून कळत नाही. सेंट फॅगन्ससारख्या ठिकाणी घरात बसवलेला माणूस हे सगळं बोलून सांगतो. आपल्याकडे भरलेली कळशी उचलून बघायला ठेवली तर पाटीची गरजच नाही.

डेन्मार्कच्या त्या म्युझियममध्ये अजून एक गोष्ट करतात, विसराळूपणाचा आजार झालेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी पन्नासच्या दशकातलं एक वेगळं घर ठेवलंय, तिथे सगळं हाताळता येतं, कॉफी त्या काळच्या भांड्यात होते. नावं विसरलेली माणसं ड्रॉवर उघडून चमचा बरोब्बर काढतात. आपल्याकडे स्टोला पंप मारायला दिला, जात्याचा खुंटा हातात दिला तर काय होईल याची मला फार उत्सुकता आहे. त्यासाठी दोन संच लागतात, अस्सल वस्तू दोरीपलीकडे आणि हाताळायच्या दुसऱ्या.

तुमच्याकडे असं काही असेल आणि कधी कुणाला द्यायची वेळ आली, तर घासून-पुसून नका देऊ. त्यापेक्षा एक कागद लिहा, ही वस्तू कुणी घेतली, कुठल्या खोलीत कुठे असायची, कोण वापरायचं, मोडल्यावर कुणी दुरुस्त केली. फोटोमागे नावं पेन्सिलने लिहा, बॉलपेनने नको, पुढच्या बाजूला वळ उठतो. भंगारात गेलेल्या हंड्याला वजन असतं, पण तो कुणाचा ते कुणाला सांगता येत नाही. आणि किराण्याची वही रद्दीत घालायच्या आधी निदान मोबाइलवर पानांचे फोटो काढून ठेवा, काडेपेट्यांच्या हिशोबासकट.